उतारावरचं बोलणं

दादाच्या गाडीत चढायचं म्हणजे एक पाय पायरीवर ठेवायचा, वरच्या दांडीला लोंबकळायचं आणि देवावर हवाला टाकायचा. आम्ही देव मानत नाही, म्हणून मला ते जास्तच जड जातं. ही गाडी दादानं हौसेनं घेतली आहे. रस्ता असेल तिथून ती कोणीही चालवेल, जिथे रस्ता नाही तिथून ही जाते, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. महिन्यातून एखाद्या शनिवारी त्याच्यासारखेच हौशी लोक अशाच उंच गाड्या घेऊन कुठल्यातरी नाल्यात उतरतात, अडकतात, एकमेकांना पट्ट्यानं ओढून बाहेर काढतात आणि टाळ्या वाजवतात. मग तंबू ठोकतात, खातात आणि दुसऱ्या दिवशी त्याच नाल्यातून परत येतात. वहिनी या गाडीला "तुमची दुसरी" म्हणते आणि तिच्यात बसत नाही. तिची मान दुखते.

वहिनीच्या मानेमुळे रिकामी झालेली जागा दादानं मला सहज विचारायची म्हणून विचारली होती. "येतं का वं? हवापालट होईन." मी नाही म्हणेन याची त्याला खात्री होती. मी लगेच हो म्हटलं.

मला धुळीची हौस नव्हती. मला दादा हवा होता, एकटा, आणि पळून जाता येणार नाही अशा जागी.

कारण सांगते. बाबा गेल्यापासून आई माझ्याकडे आहे. नागपुरात बेसाला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, मी विमा कार्यालयात नोकरी करते, लग्न केलं नाही. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोरांना तिनं बाराखडी शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना छडी. बाथरूममध्ये पडून तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती वॉकरशिवाय चालत नाही आणि उठायला, बसायला, अंघोळीला माणूस लागतं. दिवसा एक मावशी येतात. बाकी सगळं मी. यापायी दोनदा प्रमोशन सोडलं. प्रमोशन म्हणजे बदली, आणि आई नागपूर सोडायला तयार नाही. "माहे डॉक्टर इथं, माहे लोक इथं, मी त्या कोल्हापुराले काय कुस्त्या खेळू?" हे तिचं उत्तर. आता तिसऱ्यांदा ऑर्डर आली होती, कोल्हापूरचीच. सोमवारी होकार किंवा नकार कळवायचा होता आणि यानंतर मला कोणी विचारणार नव्हतं.

आणि खरं बोलायचं तर प्रमोशनचंही एवढं नव्हतं. मला जायचं होतं. कुठेही. एक खोली, आणि हाक आली तर उठावं लागणार नाही अशी एक सकाळ. त्यासाठी दादानं आईला त्याच्याकडे न्यायला हवं होतं. त्याच्याकडे चार खोल्या आहेत, लिफ्ट आहे, निवृत्तीला आलेली सरकारी नोकरी आहे. पण त्याच्या घरी बोलायला गेलं की वहिनी मधल्या सोफ्यावर येऊन बसते. माझ्या घरी बोलावं तर आईचे कान शाबूत आहेत, पलीकडच्या खोलीतली कुजबुजही तिला ऐकू येते. फोनवर दादा कायम मीटिंगमध्ये असतो. म्हणून गाडी. चालत्या गाडीतून ड्रायव्हर उठून जाऊ शकत नाही, एवढा साधा हिशोब होता माझा.

मावशींना दोन दिवस मुक्कामाला ठेवलं. निघताना आई म्हणाली, "जाय, पाहून ये. आणि त्याले सांग, गाडी हळू चालवत जाय म्हणा." मी हो म्हटलं.

पाच गाड्या होत्या. म्होरके म्हणजे एक दातांचे डॉक्टर, स्वभावानं गोड आणि हुकूम सोडायची भारी आवड. त्यांची बायको आईची विद्यार्थिनी निघाली. सकाळी चहाला थांबलो तेव्हा तिनं माझ्याकडची कोथिंबिरीची सांबारवडी उचलली आणि पहिला प्रश्न तोच, "बाई कशा आहेत? मले अजून त्यायचं भेव वाटते." पन्नाशीची बाई, डोळ्यांवर गॉगल, आणि आईचं नाव निघताच हात मागे बांधून उभी राहिल्यासारखी. मला हसू आलं. मी म्हटलं, "मलाही वाटतं."

पारशिवनी मागे पडेपर्यंत मी तीनदा विषय काढायचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तो त्या सेटनं हाणून पाडला.

या सेटबद्दल सांगायला हवं. प्रत्येक गाडीत समोर एक वायरलेस सेट बसवलेला असतो. त्याला वळ्यावळ्यांची वायर आणि मुठीत मावेल असा माईक. माईकचं बटण दाबून बोललं की पाचही गाड्यांत ऐकू जातं. एकानं बटण दाबलं की ते सोडेपर्यंत बाकीच्यांची तोंडं बंद, कोणाला मध्ये बोलता येत नाही. आणि पक्का नियम म्हणजे सेट कधीही बंद करायचा नाही, कारण पुढे दगड आहे की खड्डा हे पुढचा मागच्याला त्यावरूनच सांगतो. नियम चांगलाच आहे. पण माणसं ती माणसंच. "समोर बैलगाडी" याच्यासोबत "कोणाकडे हाजमोला आहे का" हेही त्यावरच चालतं. मी "दादा, आईचं एक" म्हटलं की लगेच तो माईक उचलायचा आणि "तीन नंबर, सर्व ठीक" असं, कोणी विचारलं नसताना, कळवायचा. आम्ही तीन नंबर होतो. पुढे दोन, मागे दोन.

जंगलाच्या हद्दीच्या बाहेरून, एका बंद पडलेल्या गिट्टीच्या खदानीच्या बाजूनं आमची वाट नदीकडे उतरत होती. वाट म्हणायची पद्धत. डाव्या बाजूला उभा कातळ, उजव्या बाजूला सागाची झाडं वरून दिसावीत एवढा उतार, आणि मधे गाडीच्या रुंदीपेक्षा वीतभर जास्त असं काहीतरी. इथे वळता येत नाही. थांबलं तर मागचे अडकतात. दार उघडून उतरायचं म्हटलं तर डावीकडे कातळ दाराला लागतो आणि उजवीकडे पाय ठेवायला जमीन नाही. डॉक्टरांनी सेटवरून सांगितलं, सगळ्यांनी लो गिअर टाका, एकमेकांत अंतर ठेवा आणि खाली पोचेपर्यंत कोणी उतरायचं नाही.

मी म्हटलं, आता. हीच जागा.

दादाच्या माईकचा आकडा तुटलेला होता, म्हणून तो वायरीला लोंबकळून प्रत्येक दगडाला माझ्या गुडघ्यावर आपटत होता. मी तो उचलून दोन्ही सीटच्या मधल्या खाचेत ठेवला आणि परत उसळू नये म्हणून त्यावर माझी पर्स दाबून बसवली. पर्समध्ये पाण्याची बाटली, आईच्या गोळ्यांची जुनी डबी, छत्री, असा सगळा संसार असतो. चांगली जड आहे. सेट एकदम शांत झाला. मला वाटलं, चला, उतार पाहून या लोकांची बडबड तरी थांबली.

"दादा, मले बोलायचं आहे."

"खाली गेल्यावर बोलू नं. पाहून राहिली नं उतार?"

"तू गाडी चालव, मी बोलतो. सोमवारी मले कळवायचं आहे, यानंतर कोणी विचारणार नाही. मी कोल्हापूरले जातो. तू आईले तुह्याकडे ने."

त्यानं ब्रेक दाबला, सोडला. गाडी एका दगडावरून डुलत खाली आली. "तुही वहिनी..."

"वहिनीचं मले सांगू नको. तिची मान दुखते, मले माहीत आहे. माहं तं काहीच दुखत नाही नं?"

"अजून एक बाई ठेवू आपण. रात्रीची."

"बाई मी आहो नं रात्रीची. इतक्या वर्षांपासून मीच आहो."

मग मी थांबले नाही. गळू टोचलं की पू बाहेर यावा तसं आलं सगळं. ती रोज तीच भाजी खारट म्हणते ते. माझ्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नाला मी अर्ध्या जेवणावरून उठून आले ते. दादा दिवाळीला येतो, अर्धा तास बसतो, आणि नंतर चार दिवस ती मला "माहा पोरगा किती सुकला" हेच ऐकवते ते. आणि शेवटी हेही. "रात्री मी तिचा श्वास ऐकत पडून राहतो. ऐकू नाही आला तं भेव वाटते. आला तं... दादा, कधी कधी वाटते हे सकाळी उठूच नये. निजेतच जावं. तिचंही सुटन, माहंही सुटन."

बोलले मी हे. ज्यांनी म्हातारं माणूस सांभाळलं आहे त्यांना यात धक्का बसण्यासारखं काही वाटणार नाही. ज्यांनी सांभाळलं नाही त्यांना खुशाल बसू दे. मला ते बोलून हलकं वाटलं, आणि ते खोटं होतं असं मी आजही म्हणणार नाही.

मागच्या गाडीनं हॉर्न वाजवला. लांब, पुन्हा पुन्हा. मला वाटलं, आम्ही फार हळू जातोय. दादानं आरशात पाहिलं. मग त्यानं समोर, सेटकडे पाहिलं. मग परत रस्त्याकडे. त्यानं स्टीअरिंग घट्ट धरलं. मग बोलला, आणि आवाज असा की शाळेच्या गॅदरिंगला पाहुणा म्हणून आलाय.

"तू काही काळजी करू नकोस. आईला मी माझ्या घरी नेणार आहे. मुलगा म्हणून ती माझी जबाबदारी आहे. तू निश्चिंत मनानं कोल्हापूरला जा."

आम्ही बहीणभाऊ जन्मापासून "मले-तुले" करतो. तो माझ्याशी असं पुस्तकी कधी बोलला नव्हता. मला वाटलं, गहिवरून आलं असेल. मला तर आलंच होतं. मी ओढणीत तोंड खुपसून रडले. मोठ्यानं, नाक ओढत, जसं माणूस फक्त आपल्या माणसापुढे रडतं तसं. तो "असू दे, असू दे" म्हणत राहिला, त्याच गॅदरिंगच्या आवाजात. मागचा हॉर्न बंद झाला होता.

खाली नदीच्या काठी रेतीवर पुढच्या दोन गाड्या थांबलेल्या होत्या. सगळे उतरून उभे होते आणि आमच्याकडे पाहत होते. मला वाटलं, उतार चांगला उतरला म्हणून टाळ्या वाजवतील. कोणी वाजवल्या नाहीत. डॉक्टरांची बायको माझ्या बाजूनं आली, दार उघडलं, माझ्यावरून हात पुढे करून माझी पर्स उचलली आणि खालून माईक काढला. सेटवर एक बारीक लाल दिवा जळत होता तो विझला. लगेच सेटमधून खरखर सुरू झाली आणि मागच्या गाडीतल्या कोणाचा तरी आवाज आला, "सुटला का एकदाचा?"

"पर्समुळे बटण दाबल्या गेलं वाटते," ती हळूच म्हणाली. "आम्ही सांगणार कसं? तुमचं चालू होतं तं आमचं जात नव्हतं. उतरताही येत नव्हतं." मग तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "थकली असशील. चल, चहा घे."

पाच गाड्या. आमची सोडून चार. प्रत्येकीत दोन-तीन माणसं. सगळ्यांनी ऐकलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. नाक ओढणंसुद्धा.

मला त्या क्षणी तिथून जायचं होतं. चालत, रांगत, कसंही. पण जायला वाट एकच, जिच्यावरून आलो ती. आमची गाडी दोन गाड्यांच्या मधे, मागे सागाचं झाड, पुढे डॉक्टरांचा तंबू. फोनला रेंज नाही. पारशिवनीपर्यंत चालत जायचं तर संध्याकाळ होणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात, तिथे निदान दोन्हींकडे कोणी पाहत नसतं. इथे डझनभर लोक माझ्याकडे अत्यंत प्रेमानं पाहत होते.

त्या प्रेमाचाच मला सर्वात जास्त जाच झाला. मला सर्वात चांगली खुर्ची देण्यात आली. ऊन लागत होतं तरी शाल देण्यात आली. रोडग्यांचा बेत होता. पुरुषांनी गोवऱ्या रचून पेटवल्या, कणकेचे गोळे त्यात भाजायला टाकले, मोठ्या गंजात वांग्याची भाजी शिजत ठेवली. मी वांगी चिरायला गेले तर माझ्या हातातून विळी काढून घेतली, "तुम्ही बसा हो, तुम्ही कायम करताच." मी कायम काय करते हे त्यांना आता ठाऊक होतं. एका गृहस्थानं मला वर्धा रोडवरच्या एका वृद्धाश्रमाची माहिती दिली, तिथे फार छान बाग आहे म्हणून. तंबूमागे हात धुवायला गेले तिथे एक बाई, जिच्याशी मी दिवसभरात एक शब्द बोलले नव्हते, माझ्या मागे आली. तिनं माझा ओला हात धरला आणि म्हणाली, "मले सासूबद्दल असंच वाटे. कोणालेच सांगतलं नाही मी." तिचे डोळे भरले होते. मला हात सोडवून घ्यायचा होता. मी घेतला नाही. पण तिच्या सासूचंही आता मलाच धरून बसावं लागणार, एवढंच माझ्या मनात आलं.

रडायलाही जागा नव्हती. बायकांसाठी एक उभा तंबू होता, त्याच्या बाहेर सतत कोणीतरी रांगेत.

आणि दादा! दादाची नुसती वरात चालली होती. "मानलं गा भाऊ तुले." "पोरगा असावा तं असा." "आजकाल कोण नेते मायबापाले?" पहिला रोडगा फोडून त्यात तुपाची धार सोडली ती त्याच्या ताटात. तो "अरे काय, कर्तव्यच आहे" म्हणत होता आणि मान खाली घालून खात होता. मी समोरून त्याच्याकडे पाहत होते आणि तो माझ्याकडे पाहत नव्हता. तेव्हा मला तो लाल दिवा आठवला. सेट त्याच्या समोर बसवलेला आहे, माझ्या नाही. दिवा त्याच्या बाजूला आहे.

ऊन उतरल्यावर तो भाजीचा गंज घासायला नदीवर गेला, लोकांपासून सुटायलाच गेला असणार. मी मागोमाग गेले.

"दादा, दिवा दिसला होता नं तुले?"

तो रेतीनं गंज घासत राहिला. "कोणता दिवा?"

"दादा."

"दिसला," तो म्हणाला. "हॉर्न वाजला तेव्हा दिसला. तोपर्यंत तू सगळं बोलून बसली होती."

"मंग पर्स काहून नाही उचलली?"

"उचलून काय फायदा? ऐकलं नं सर्वांनी. तू असं बोलली, आणि मी गप बसलो असतो तं काय म्हणले असते लोक? आईले कोणी वालीच नाही? चार लोकांत मी दुसरं काय म्हणणार होतो?"

"म्हणजे तू नेत नाही."

"नेत नाही असं कुठं म्हणलो? पाहू. वहिनीले विचारा लागन. आता तं ती हो म्हणणारच नाही. तू सोमवारी आणखी थोडी मुदत माग. पुढच्या वर्षी पाहू."

पुढचं वर्ष नव्हतं, हे त्याला मी उतारावर सांगितलं होतं. चार गाड्यांनी ऐकलं होतं, त्यानंच ऐकलं नव्हतं. मी त्याच्या हातातला गंज घेऊन नदीत फेकला. तो वाहत गेला नाही, पाणीच तेवढं नव्हतं. दोन हात पुढे जाऊन दगडाला टेकून राहिला. दादा पँट वर करून गेला आणि उचलून घेऊन आला. "कायले चिडतं वं," म्हणाला, आणि परत घासायला बसला.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. वर जाऊन मी त्या लोकांना सांगू शकत होते की तुमचा श्रावणबाळ खोटा आहे. पण मग माझं उतारावरचं बोलणं परत एकदा ताटात वाढलं गेलं असतं. मी खुर्चीवर जाऊन बसले. कोणीतरी शाल नीट केली. मी ठरवून टाकलं, सोमवारी नकार कळवायचा. एकदा ठरवलं की निदान विचार करावा लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तोच उतार चढून आलो. माईकला दादानं दोरी बांधली होती. सगळा रस्ता दादा फक्त सेटवर बोलत राहिला. पारशिवनीजवळ रेंज आली आणि पाचही गाड्यांतले फोन एकदम जिवंत झाले. पुढच्या गाडीत डॉक्टरांच्या बायकोचं डोकं फोनला लागलेलं मला त्यांच्या मागच्या काचेतून दिसत होतं. बराच वेळ लागलेलं होतं. दादाला वहिनीचा फोन आला. त्यानं कापला. परत आला, परत कापला. सहाव्यांदा त्यानं फोनच पालथा घातला. त्याच्या कपाळावर, थंडीचे दिवस असून, घाम होता. कोणीतरी वहिनीचं अभिनंदन केलं असणार, हे मला तेव्हाच कळलं. मला जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

बेसाला पोचलो तेव्हा दुपार होत आली होती. दादा माझी पिशवी द्यायला वर आला. लगेच निघणार होता. दार मावशींनी उघडलं, आणि त्या माझ्या नजरेला नजर देईनात.

आई दिवाणखान्यात खुर्चीवर बसली होती. पांढरी सुती साडी, बाहेर जाण्याची, तिला खांद्यावर पिन लावलेली. केस विंचरलेले. पायांत चपला. पायाशी बाबांची जुनी सुटकेस, वर गोळ्यांची पिशवी, आणि शेजारी वॉकर. तयार होऊन कितीतरी वेळ बसलेलं माणूस जसं थोडं एका बाजूला कललेलं असतं तशी ती कलली होती.

"किती उशीर केला गा," ती दादाला म्हणाली. "चाल."

"कुठं?"

"तुह्या घरी. नेतो म्हणला नं?"

दादा माझ्याकडे पाहायला लागला. मी काय करणार? "आई, आज कसं... तिकडे तयारी... मी रविवारी येतो नं."

"आज रविवारच आहे," आई म्हणाली. "माह्या विद्यार्थिनीचा फोन आला होता. म्हणे बाई, तुमचा पोरगा सोन्याचा आहे, पाच गाड्यायसमोर बोलला. मी म्हटलं, काय काय बोलला, नीट सांग. ते सांगत गेली. पोटात काही राहतच नाही तिच्या, तिसरीत होती तेव्हाही असंच होतं." तिनं वॉकर पुढे ओढला. "तू बोलला का नाही बोलला?"

दादाला हो म्हणावं लागलं. पाच गाड्यांसमोर बोललेलं आईसमोर फिरवायची त्याची छाती नव्हती, माझीही झाली नसती. त्यानं सुटकेस उचलली.

मी आईला उठवायला पुढे झाले, रोजच्यासारखा एक हात काखेत घालायला. तिनं मावशींचा हात धरला.

खाली गाडीची पायरी पाहून ती थांबली. दादानं तिला दोन्ही हातांवर उचललं आणि वर, माझ्या जागेवर ठेवलं. ती एवढी हलकी झाली आहे हे त्याला माहीत नसावं, त्याचा चेहराच उतरला. मी वाकून तिचा पट्टा लावायला लागले. माझं डोकं तिच्या तोंडाजवळ होतं. मी म्हटलं, "आई, मी ते..." पुढचं मला आलं नाही. काय म्हणणार होते, खोटं होतं म्हणून?

"सकाळी फोन नको करत जाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. त्यात राग नव्हता. मी शोधला, तर नव्हता. "मी उठली का नाही उठली, ते मी सांगत जाईन तुले. तू कायले भेव धरून बसतं?"

पट्टा लागला. दादानं गाडी सुरू केली. ती हळू, अगदी हळू, गेटातून बाहेर गेली.

सोमवारी मी होकार कळवला. कोल्हापूरला माझी एक खोली आहे, दुसऱ्या मजल्यावर, ऊन येतं. आई दादाकडेच आहे. वहिनी माझ्याशी बोलत नाही. मी दुपारी फोन केला की आई तिकडच्या मावशींबद्दल, डॉक्टरांबद्दल, नातवाच्या गिटारबद्दल सगळं बोलते. पण सकाळचा फोन तिचा. मी त्याआधीच जागी असते, हातात फोन घेऊन बसलेली. एखाद्या दिवशी उशीर झाला तर मला चहा जात नाही. मग तो वाजतो.

"उठली वं," ती म्हणते, आणि मी काही बोलायच्या आत ठेवून देते.